आधी तुझं सांग

साताऱ्याकडे माझ्या मावसबहिणीला दोन महिन्यांपूर्वी मुलगी झाली. बाळ झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही, उगाच रडू येतं, हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असू शकतं, तेव्हा डॉक्टरांना दाखवा, असं मी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. त्यावर मामा म्हणाले, आपल्याकडे माहेर असतं, सव्वा महिना बाळंतिणीला कुणी हलू देत नाही. ही दुखणी तिकडे एकट्या पडणाऱ्या पोरींची. खाली पाच-सहा जणांनी होला हो मिळवलं.

मामांचं अर्धं बोलणं खरं आहे, ते मी भोगलंय. एडिंबरात माझं बाळंतपण नोव्हेंबरात झालं. दोन आठवड्यांची रजा संपवून नवरा कामाला लागला. चारच्या आत अंधार पडायचा, आणि बाळाला पाच मिनिटं धरायला दुसरं माणूस नव्हतं. माहेरपणाला कमी लेखणारी मी नाही.

पण त्या घरात एक बाई नेमाने यायची, हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरी येऊन आई-बाळाची विचारपूस करणारी सरकारी नर्स. स्कॉटलंडमध्ये मूल शाळेत जाईपर्यंत तिच्या 11 घरभेटी ठरलेल्या असतात, त्यातल्या 8 पहिल्या वर्षातच. एकदा बाळाचं वजन लिहून झाल्यावर, घरून काम करत असलेल्या नवऱ्याला ती म्हणाली, बाळाला घेऊन जरा आत बसता का? मग माझ्यापुढे एक कागद ठेवला. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्यासाठीची, याच शहराच्या नावाने ओळखली जाणारी, 1987 साली प्रसिद्ध झालेली 10 प्रश्नांची यादी. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, विनाकारण भीती वाटली का, झोप उडाली का. दहावा प्रश्न, स्वतःला इजा करण्याचा विचार मनात आला का. मी ‘क्वचित’वर खूण केली. तोवर हे मी कुणालाच, नवऱ्यालाही, सांगितलं नव्हतं. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, कधी, कुठे उभी होतीस तेव्हा? दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांसमोर होते. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या असतात, हे मला तिथे कळलं.

आता मामांचं उरलेलं अर्धं. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी 270 मातांचा अभ्यास केला, तो 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के जणींना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी होणं, या गोष्टींनी धोका वाढत होता. म्हणजे घरात माणसं होती, आणि काही जणींना त्रास त्याच माणसांचा होता.

आणि घरभेटी आपल्याकडे नाहीत असंही नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली. तिच्यावरच बेतलेल्या सरकारी कार्यक्रमात दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताई 42 दिवसांत सहा वेळा येतात. सहा वेळा! अशी एक भेट मी व्हिडिओ कॉलवर पाहिली. आशाताईंनी बाळाला झोळीच्या काट्यात ठेवलं, श्वास मोजले, ताप पाहिला. मग विचारलं, ताई, जेवण जातंय ना, दूध पुरतंय ना? उत्तर मावशीने दिलं. दोन्ही वेळा. मावशीची माया खोटी नाही, रात्र रात्र जागते ती. पण तिच्यासमोर पोरगी कुठल्या तोंडाने म्हणणार, की मला हे बाळ नकोसं वाटतं?

मला एवढंच हवंय: त्या सहांतल्या निदान दोन भेटींत आशाताईंनी बाळंतिणीला एकटीला गाठून तिच्या मनाचं विचारावं, त्या कामाचं त्यांना वेगळं मानधन मिळावं, आणि पुढे कुठे पाठवायचं ते ठरलेलं असावं. कायदा तर आपल्याकडे चांगला आहे. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल एरवी तोडता येत नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेत आई आणि बाळाला एकत्र ठेवणारा विभाग आहे. असा विभाग साताऱ्याच्या बाईला हाकेच्या अंतरावर का नसावा?

इथे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. प्रसूतीनंतर सहा आठवडे ते वर्ष या काळात ब्रिटनमध्ये बाळंतपणाशी थेट जोडलेल्या मृत्यूंचं पहिलं कारण आजही आत्महत्याच आहे, आणि इंग्लंडमधल्या हेल्थ व्हिजिटर गेल्या दहा वर्षांत खूप कमी झाल्या.

परवा बहिणीचा फोन आला, तेव्हा नेहमीसारखा कॅमेरा पाळण्याकडे होता. म्हटलं, छकुलीला मावशीकडे दे आणि तू गच्चीवर जा. जिन्यात तिच्या चपलांचा आवाज आला, मग वारा. आधी तुझं सांग, म्हटलं. बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता. मी फोन ठेवला नाही. मग ती बोलायला लागली. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मी तिला दिलाय, तिथे मराठीत बोलता येतं. सोमवारी मावशी तिला डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे.