खोडदच्या डिश पाऊस पळवतात म्हणे!

जुन्नर-नारायणगावकडच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात असा: खोडदच्या मोठ्या डिश आकाशात किरण सोडतात, त्याने ढग पांगतात, म्हणूनच तिथे मोबाईल बंद करायला लावतात, डिश पण कसल्या तर नुसत्या जाळीच्या, म्हणजे पैसे खाल्ले, आणि मध्यंतरी एलियनचा सिग्नल सापडला तो दाबून टाकला.

किरण सोडतात? अहो, खोडदला आहे ती जीएमआरटी, म्हणजे आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी महाकाय दुर्बीण, तिच्या ३० अँटेनांपैकी (म्हणजे ह्याच डिश) एकही काही सोडत नाही, ट्रान्समीटरच नाहीये, नुसतं ऐकायचं काम. आणि पावसाचं म्हणाल तर नाणेघाट-माळशेजला धो धो आणि पूर्वेला खोडदकडे कमी, हे सह्याद्रीमुळे होतं, दुर्बीण नव्वदच्या दशकात उभी राहिली त्याच्या कितीतरी आधीपासून.

मोबाईलचं तर बरोबर उलटं आहे. तिथून तुम्हाला त्रास नाही, तुमच्या फोनचा त्यांना त्रास. दूरच्या आकाशगंगेचा सिग्नल इतका क्षीण असतो की चंद्रावर एखादा मोबाईल चालू करून ठेवला तरी तो आकाशातल्या भल्याभल्या रेडिओ स्रोतांपेक्षा ठळक दिसेल, मग शेजारच्या बांधावरच्या फोनचं काय घेऊन बसलात! पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग बदलायची वेळ आली ती पण ह्याच भानगडीमुळे.

आता जाळी. इथे मात्र मला खरंच राग येतो, कारण जाळी हीच तर खरी कमाल आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप आणि त्यांची टीआयएफआरची (टाटा मूलभूत संशोधन संस्थेची) टीम, ह्यांनीच आधी उटीला डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांब दुर्बीण उभी केली होती, उतार बरोबर तिथल्या अक्षांशाएवढा म्हणजे ११ अंश, त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर आला आणि एकाच अक्षावर फिरवून ताऱ्यामागे जाता यायला लागलं. खोडदला प्रश्न वेगळा होता, ४५ मीटर व्यासाची डिश भरीव पत्र्याची केली तर वारा तिला शिडासारखा ढकलणार, मग तिला धरायला लोखंड किती लागेल विचार करा. म्हणून पाइपच्या पॅराबोलिक फ्रेमा, त्यांच्यामध्ये ताणलेले स्टीलचे दोर, आणि दोरांना बांधलेली स्टेनलेस स्टीलच्या ०.५५ मिलिमीटर तारेची जाळी. भोकं मध्यभागी १० मिलिमीटरची, कडेला २० ची. वारा आरपार जातो पण रेडिओ लहरी जात नाहीत, कारण इथे ऐकतात त्यातली सगळ्यात आखूड लहर सुद्धा साधारण २१ सेंटीमीटरची, तिच्यासाठी ती जाळी जवळजवळ भिंतच. पैसे वाचले हे खरं, पण खाल्ले नाहीत, अशा डिश ३० झाल्या, १४ मध्यभागी जवळजवळ आणि १६ वायच्या आकारात २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या.

राहिला एलियन. तो हायड्रोजनचा सिग्नल होता, एका लांबच्या आकाशगंगेतला, २१ सेंटीमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणात ताणून इथे पोचेपर्यंत ४८ सेंटीमीटर झालेली, आणि मधल्या दुसऱ्या आकाशगंगेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं साधारण ३० पट वाढवून दिला म्हणून सापडला. आणि दाबला म्हणता, तर २०२३ च्या जानेवारीत सगळ्या पेपरांत छापून आला होता की, तिथूनच तर तुम्ही उचललाय!