"आपलीच पोरं आहेत की ओ मॅडम"

आज सकाळी पोरीचं नाव उन्हाळी शिबिराला घालायला गेले होते. जुळे सोलापुरातच, घरापासून पाच मिनिटांवर. दहा दिवस स्केटिंग, कराटे, चित्रकला, आणि शेवटी एक रात्र मुक्काम, मुलं तिथंच झोपणार. फॉर्म भरला, फोटो चिकटवला, आधारची झेरॉक्स दिली, पोरीची पण आणि माझी पण, आणि सहज विचारलं की रात्री मुलांजवळ कोण असणार, आणि ही शिकवणारी जी पोरं आहेत त्यांचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का. संयोजक हसले. "आपलीच पोरं आहेत की ओ मॅडम. असं काय विचारलालाव?"

म्हणजे माझ्या आठ वर्षांच्या पोरीचा आधार पाहिजे, आणि रात्रभर तिला ज्यांच्या ताब्यात देणार त्यांचा एक कागद मागितला तर मी संशयी बाई.

घरी येऊन पालकांच्या ग्रुपवर टाकलं तर तिथंही तेच. "एवढी भीती वाटते तर घरीच ठेवा" असं एकीनं लिहिलं आणि त्याला सात अंगठे. सात!

मी पाचवीत असताना पेठेत एका सरांची शिकवणी होती. सतरंजीवर बसायचो पंधरा-वीस जण. सर सगळ्यांचे लाडके, गणित असं शिकवायचे की विचारू नका, आणि गड्ड्याच्या जत्रेत भेटले की सगळ्या पोरांना भेळ. आमच्यातल्या एका मुलाला ते रोज मागे थांबवायचे, फळा पुसायला. आम्हाला त्याचा हेवा वाटायचा. मग तो यायचा बंद झाला. एका दुपारी त्याची आई आमच्या घरी आली, विड्या वळायच्या त्या, सूप बाजूला ठेवून माझ्या आईशी कायतरी हळू आवाजात बोलल्या आणि पदर तोंडाला लावून गेल्या. आई मला एवढंच म्हणाली, उद्यापासून शिकवणीला जायचं नाही. का, ते नाही सांगितलं. हळूहळू सगळ्याच आयांनी पोरं काढली. कुणी सरांना एक शब्द विचारला नाही. आणि वर्षभरात सरांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला नवीन शिकवणी काढली, बोर्ड मी स्वतः सायकलवरून जाताना बघितलाय.

तिथल्या आयांना पण ते "आपलेच सर" वाटले असणार ना?

आणि तो मुलगा होता हेही सांगते, कारण मुलींची काळजी घ्या म्हणून मेसेज फिरवणारे मुलाच्या बाबतीत निवांत असतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यात मुलगा-मुलगी असा फरक नाही, अठरा वर्षांखालचं प्रत्येक लेकरू त्यात येतं. आणि त्याच कायद्याच्या २०२० च्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की शाळा, पाळणाघर, क्रीडा अकादमी, मुलांशी रोजचा संबंध येणारी कुठलीही संस्था असो, तिथल्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी करायची, शिक्षक असो की शिपाई, कायम असो की कंत्राटी, आणि एकदा करून सोडायची नाही, ठराविक काळानं परत करायची. मी काय जगावेगळं मागितलं? ऑगस्ट २०२४ ला बदलापुरात शाळेतच दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला, माणूस शाळेत कंत्राटी सफाई कामगार म्हणून आलेला, लोक रेल्वे रुळावर उतरले तेव्हा कुठं सगळे हलले. आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. त्याच सात अंगठेवाल्यांनी पण ठेवले होते, मला आठवतंय.

वरची खोली भाड्यानं दिली तर भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची म्हणून आपण धावतो. पासपोर्टसाठी पोलीस पडताळणी झाली तर आपला अपमान होत नाही. मग लेकरांच्या बाबतीतच तो का होतो?

माझी नणंद इंग्लंडात लेस्टरला असते, रविवारी तिथल्या मुलांना मराठी शिकवते, फुकट. तरी तिची डीबीएस म्हणून सरकारी तपासणी झाली, आणि ती होईपर्यंत एकटीनं मुलांपुढं उभं राहू दिलं नाही. तिला राग नाही आला. तिथं २००२ ला सोहम नावाच्या गावात एका शाळेच्या केअरटेकरनं दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून केला होता. त्याच्याविरुद्धच्या आधीच्या तक्रारी दुसऱ्या भागातल्या पोलिसांना माहीत होत्या, पण नोकरी देणाऱ्यांपर्यंत पोचल्याच नाहीत. हे ती सांगत होती तेव्हा मला तो दुसऱ्या टोकाचा बोर्ड दिसत होता.

हो, मान्य, ज्याच्यावर केसच नाही त्याचा कागद स्वच्छच येणार. आमच्या सरांचाही आला असता. म्हणून तर मी फक्त कागदावर थांबत नाही, आधी कुठं शिकवत होते, तिथून का सोडलं, तिथं एक फोन लावा, रात्री एकच माणूस मुलांजवळ नको, दोघं ठेवा, त्यात एक बाई. याला किती खर्च येतो?

आता जरा शांत होऊन लिहिते. दुपारी आमच्या रिक्षावाल्या मामांना त्यांच्या पोलीस पडताळणीचं विचारलं, घाबरतच, कारण चार वर्षं पोरीला शाळेत नेतात, त्यांना लागलं असतं तर मला वाईट वाटलं असतं. मामा म्हणाले, "करा की ताई. मला पण दोन पोरी हायत. फक्त ते ऑनलाइन मला जमंना, तुमीच भरून द्या." धंदा बुडवून चौकीत जावं लागलं तर त्या दिवसाचे पैसे आपण पालकांनी द्यावेत असं मला वाटतं. मामांना लागलं नाही, आणि शिकल्यासवरल्या ग्रुपला लागलं.

संध्याकाळी आईला फोन केला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हा तुम्ही कुणीच का बोलला नाहीत. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्या पोराचं नाव बदनाम झालं असतं गं." मी चिडणार होते, पण तिचा आवाज ऐकून नाही चिडता आलं. त्या काळात त्या बायांना पोरं काढून घेणं एवढंच करता येत होतं, तेवढं त्यांनी केलं. आज कायदा आहे, त्यात पोराचं नाव बाहेर फोडायला बंदी आहे, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ वर चोवीस तास फोन लागतो. आणि आपण अंगठे दाखवतोय.

शिबिराची फी भरायची शेवटची तारीख शनिवार आहे. मी अजून भरलेली नाही. शुक्रवारी परत जाऊन हेच विचारणार आहे, ज्यांना यायचंय त्यांनी सोबत या, सकाळी दहाला आसरा चौकात थांबते.