‘फ्रॉम’ गाळून चालतं? प्रत्येक वेळी नाही

स्पर्धा परीक्षा देणाऱ्या नागपूरच्या मुलामुलींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘प्रिव्हेंट, अव्हॉइड, स्टॉप, कीप यांचा अर्थ एकच, कुठलाही वापरा. पुढचा फ्रॉम लावला काय, गाळला काय, सारखंच. अव्हर्ट, वॉर्ड ऑफ, स्टेव्ह ऑफ हे त्याचेच भारी पर्याय.’ हा मेसेज पाठ करून मुलं पेपरात मार्क घालवतात, म्हणून लिहितेय.

अर्थ एकच नाही. सीताबर्डीतला व्हरायटी चौकाचा जाम तुम्ही गल्लीतून जाऊन अव्हॉइड करता. जाम तिथे असतोच, तुम्ही फक्त त्यात सापडत नाही. तो होऊच न देणं म्हणजे प्रिव्हेंट. गोंधळ होतो तो उष्माघातासारख्या शब्दांपाशी, कारण हीटस्ट्रोकला दोन्ही क्रियापदं चालतात. शिवाय अव्हॉइडपुढे ‘टू गो’ येत नाही, ‘गोइंग’च येतं.

फ्रॉमचं म्हणणं अर्धंच खरं आहे, आणि घात तिथेच होतो. ‘स्टॉप हिम फ्रॉम गोइंग’ आणि ‘स्टॉप हिम गोइंग’ एकच. ब्रिटिश इंग्रजीत ‘प्रिव्हेंट हिम गोइंग’ही चालतं. पण वाक्य कर्मणी झालं की फ्रॉम हवाच: ‘ही वॉज प्रिव्हेंटेड फ्रॉम एंटरिंग’. कीपचं तर विचारूच नका. मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, पालकांसाठी सूचना लिहायची आहे असं समजा. ‘कीप चिल्ड्रन फ्रॉम प्लेइंग इन द सन’ म्हणजे मुलांना उन्हात खेळू देऊ नका. आता यातला फ्रॉम काढा: ‘कीप चिल्ड्रन प्लेइंग इन द सन’. मुलांना उन्हात खेळतं ठेवा! एक शब्द गाळला आणि सूचना पार उलटी झाली. याला सारखंच कसं म्हणायचं?

राहिले ते भारी पर्याय. प्रत्येकाची सोबत ठरलेली आहे. अव्हर्ट संकट, संप, युद्ध यांच्यासोबत शोभतो; डासांसाठी तो कोणी वापरत नाही, तिथे वॉर्ड ऑफ. आणि स्टेव्ह ऑफमध्ये बहुतेकदा फक्त पुढे ढकलणं असतं. सकाळी तर्री-पोहे खाल्ले की दुपारपर्यंत भूक स्टेव्ह ऑफ होते, पुढे जेवायला बसावंच लागतं.