नव्याण्णवनंतर नऊ-ए

सर्व्हर चालू करणं सोपं असतं. बटण दाबलं की झालं. अवघड आहे ते "कुठवर आलाय?" या प्रश्नाला उत्तर देणं, आणि माझा पगार त्याचाच निघतो.

मी बीएमसीचं, म्हणजे बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलरचं, फर्मवेअर (चिपच्या आत बसणारं सॉफ्टवेअर) लिहितो. सर्व्हरच्या मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरपासून वेगळी अशी ही एक छोटी चिप. सर्व्हर बंद असला तरी प्लगमधून वीज येतेय तोवर ही जागी. पंखे, तापमान, लांबून पॉवर चालू-बंद करणं, सगळं हिच्या गळ्यात. शिवाय सर्व्हर उठताना बायोस, म्हणजे मशीन चालू झाल्यावर सगळ्यात आधी धावणारा प्रोग्रॅम, जे पुटपुटतो ते ऐकून बाहेर सांगणं, हेही हिचंच काम. पुटपुटणं म्हणजे पोर्ट ८० नावाच्या पत्त्यावर एकेक बाइट टाकत जाणं. १९८४च्या पीसी-एटीपासून ही रीत चालत आलीय. बायोस प्रत्येक पायरीवर एक आकडा तिथे टाकतो आणि पुढे निघतो. कुणी वाचला का, हे बघायला थांबत नाही. पूर्वी तो वाचायला दोन लाल आकडे दाखवणारं कार्ड स्लॉटमध्ये खोचावं लागे. आता बीएमसीच त्या वायरींना कान लावून बसते. आमच्यात याला स्नूपिंग म्हणतात. घरी केलं तर बोलणी खावी लागतात, ऑफिसात इन्क्रिमेंट मिळतं.

परवा ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये कस्टमरचा नवा सर्व्हर पहिल्यांदा चालू होत होता. दोन प्रोसेसर, रॅमच्या ३२ पट्ट्या. कॉलवर आमचे साहेब, कस्टमरच्या मॅडम, रॅकसमोर उभा असलेला त्यांचा इंजिनिअर आणि मी. बीएमसीच्या वेब पानावर पोर्ट ८०चा ताजा आकडा दाखवणारी दोन अक्षरांची चौकट.

"बी७ आलंय," तो पंख्यांच्या आवाजावर ओरडला. थोड्या वेळाने त्याचा आवाज बदलला. "सर, तक्त्यात बघितलं. बी७ म्हणजे कॉन्फिगरेशन रीसेट! सगळी सेटिंग्ज उडाली का?"

उडाली नव्हती. त्याने तक्ता एएमआय कंपनीच्या ॲप्टिओ बायोसचा उघडला होता, आणि त्या तक्त्यात बी७चा अर्थ तोच आहे. पण बूटच्या, म्हणजे मशीन उठण्याच्या, त्या टप्प्यात कारभार इंटेलच्या मेमरी कोडकडे असतो, आणि त्याच्या बोलीत बी७ म्हणजे मेमरी ट्रेनिंग. एकाच मशीनमध्ये दोन बोलीभाषा, अक्षरं तीच. ट्रेनिंग म्हणजे रॅमच्या प्रत्येक पट्टीशी सिग्नलची वेळ जुळवणं. पट्ट्या जितक्या जास्त तितका वेळ जास्त, आणि तेवढा वेळ चौकटीतला आकडा ढिम्म हलत नाही. मी हे समजावून सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "म्हणजे हँग झालाय."

तेवढ्यात आकडा हलला. ९२.

"ब्याण्णव!" साहेबांचा जीव भांड्यात पडला. "मॅडम, आलंच की आता."

९२ म्हणजे पीसीआय बसची, म्हणजे कार्डं जोडायच्या मार्गाची, तयारी नुकतीच सुरू झाली. पण साहेबांना भर कॉलवर कोण सांगणार? ९४, ९५, ९६... मॅडमही आता मनातल्या मनात मोजत असाव्यात. ९८. ९९. कॉलवर सगळे श्वास रोखून.

९ए.

"हे काय रे?" साहेब. "नव्याण्णवनंतर शंभर येतात ना?"

"सर, हे हेक्स आहे, दहाऐवजी सोळा चिन्हांची मोजणी. नऊनंतर ए येतो. आता यूएसबी सुरू होतंय."

"बरं, मग शंभरला किती राहिले?"

"सर, हे टक्के नाहीतच."

मीटिंगच्या मिनिट्समध्ये हे वाक्य काही आलं नाही.

पुढे ए२ आलं तेव्हा साहेबांनी फक्त "हं" केलं. मग एडी आलं, म्हणजे बूटला तयार, आणि तिथून ताबा ऑपरेटिंग सिस्टिमने घेतला. बायोसचं बोलणं संपलं, पण चौकटीत शेवटचा शब्द तसाच राहिला. तासाभराने तक्रार आली, 'सर्व्हर एडीवर अडकलाय.' त्या वेळी तोच सर्व्हर त्यांची वेबसाइट चालवत होता. कधीकधी तर लिनक्सही पोर्ट ८० वर काहीतरी टाकतं, तेही कुणाला सांगायला नाही तर नुसता क्षणभर वेळ काढायला. आणि आमची बीएमसी तेही इमानेइतबारे टिपून ठेवते.

हे आकडे सामान्य माणसाला कळत नाहीत हे आमच्या जमातीलाही ठाऊक आहे. सर्व्हरवर लांबून नजर ठेवायला १९९८मध्ये आयपीएमआय हे मानक आलं, २०१५मध्ये रेडफिश. रेडफिशमध्ये 'बूट प्रोग्रेस' नावाची चक्क शब्दांतली यादी आहे. पण यादी बघा: बस इनिशिअलायझेशन स्टार्टेड, मेमरी इनिशिअलायझेशन स्टार्टेड, पीसीआय रिसोर्स कॉन्फिग स्टार्टेड, ओएस बूट स्टार्टेड. खणलेल्या रस्त्यावरच्या 'काम प्रगतिपथावर आहे' या पाटीसारखं, सुरू झाल्याचं बहुतेक सगळे सांगतात. हार्डवेअरचं एकदाचं उरकलं, अशी मोजून एकच ओळ.

मॅडमना यातलं काहीच नको होतं. त्यांना टक्के हवे होते. कस्टमर इज किंग, त्यामुळे आम्ही एक तक्ता बनवला: मेमरी ट्रेनिंग म्हणजे १० टक्के, पीसीआय ४०, यूएसबी ६०, एडी १००. शास्त्रीय आधार विचाराल तर साहेबांना गोल आकडे आवडतात.

त्यावर कस्टमरने स्क्रिप्ट लावली: पाच मिनिटं टक्का हलला नाही की सर्व्हर रीसेट. झालं. ट्रेनिंगला त्याहून जास्त वेळ लागायचा. ट्रेनिंगचा निकाल पुढच्या बूटसाठी जपून ठेवला जातो खरा, पण तो आधी लागायला तर हवा! मध्येच रीसेट म्हटल्यावर पुन्हा पहिल्यापासून. बिचारा सर्व्हर रात्रभर दहा टक्क्यांपर्यंत यायचा आणि मार खाऊन परत जायचा.

"टायमआउट वाढवायला सांगू का?" मी विचारलं.

"कस्टमरला स्क्रिप्ट बदला म्हणायचं?" साहेबांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "तू आकडा हलता ठेव."

आता ट्रेनिंग चालू असताना बीएमसी दर ३० सेकंदांनी ०.१ टक्का वाढवते. आत मेमरीचं काय चाललंय हे तिला पूर्वीइतकंच कळतं, म्हणजे अजिबात नाही. मागच्या आठवड्यात मॅडमची मेल आली, साहेबांना कॉपी: प्रोग्रेस रिपोर्टिंग आता फारच अचूक झालंय, टीमचं अभिनंदन.