"ताई, मानधनाचं नंतर बघू"

भाषणाला बोलावताना हे वाक्य जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत एकाच गोडव्याने ऐकू येतं. बोलावणारा माणूस वाईट नसतो, बहुतेकदा त्याला मनापासून आदरही असतो. पण त्याचं 'नंतर' शाल-श्रीफळापाशी येऊन संपतं. भाषण देणारी बाई असेल आणि तारीख आठ मार्चच्या आसपासची असेल तर सोबत एक स्टीलचा डबा.

नवीन मुलंमुली विचारतात, भाषणं द्यायची आहेत, लेखन करून पोट भरायचं आहे, सुरुवात कुठून करू? आवाज, हातवारे, आत्मविश्वास यांवर यूट्यूबवर ढीगभर माल आहे, तो बघा. मी एवढंच सांगते की तारीख देण्याआधी पैशाचं बोला. यावर काही जण नाक मुरडतात. मुरडू देत. माझं निरीक्षण असं आहे की मानधन ठरलं की कार्यक्रमसुद्धा ठरतो. ज्या मंडळाने आकडा कबूल केलाय ते वेळ पाळतं, माइक आदल्या दिवशी तपासतं, माणसं येतील का याची त्याला काळजी असते. फुकटात बोलावलेली बाई सगळ्या मान्यवरांच्या मनोगतांनंतर उभी राहते, तोवर पुढच्या रांगेतले अर्धे जेवायला उठलेले असतात.

जळगावच्या सराफ बाजारात लोक घडणावळीवर घासाघीस करतात, पण घडणावळच देणार नाही म्हणणारं गिऱ्हाईक मी पाहिलेलं नाही. आपण बोलणारे-लिहिणारे मात्र आपली घडणावळ सांगतच नाही आणि मग समोरच्याने ओळखली नाही म्हणून घरी येऊन कुढतो.

आकडा किती सांगायचा? याला दरपत्रक नाही. मी हिशेब असा धरते: तयारीला जाणारा वेळ, प्रवासाला जाणारा वेळ, आणि तेवढ्या वेळात लिखाणातून मिळाले असते ते पैसे. जळगावहून शहाद्याला जाऊन यायचं तर चोपडा-शिरपूर करत अख्खा दिवस जातो. भाषण तासाभराचं असलं तरी खर्ची पडतो तो दिवस. प्रवासखर्च मानधनात मिसळू देऊ नका, तो वेगळा मागा. एकाच पाकिटात दोन्ही आलं की गाडीभाडं वजा जाता हाती उरतो तो चहाचा खर्च. आकडा सांगितला की गप्प बसा. आपणच लगेच "तसं काही नाही हो, तुम्हाला जमेल तसं" असं म्हणून टाकतो, आणि समोरच्याला जमतं ते नेहमी कमीच असतं.

"आपलाच माणूस, घरचंच कार्य" हे आपल्याकडचं खास हत्यार. त्यावर माझं उत्तर ठरलेलं आहे: घरचं कार्य आहे म्हणूनच वाजवी सांगितलंय, अण्णा. हसत म्हणायचं. भांडण होत नाही, आणि समोरचाही हसून "बरं, बघतो" म्हणतो. त्यातले काही परत फोन करतात, काही करत नाहीत. न करणाऱ्यांचं वाईट वाटून घेऊ नका.

फोनवर बोलून झालं की लगेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. मी पाठवते तो मजकूर असा, हवा तर उचला:

"नमस्कार अण्णा. फोनवर ठरल्याप्रमाणे: तारीख अमुक, सायंकाळी ६:३० वाजता. विषय अमुक. माझं भाषण ४५ मिनिटं. मानधन अमुक रुपये, कार्यक्रमाच्या दिवशीच यूपीआयने. प्रवासखर्च वेगळा. रात्री परतीची सोय आपल्याकडे. रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकायचं असेल तर आधी विचारावं. सगळं बरोबर असल्यास 'हो' कळवावं."

त्या एका 'हो'मुळे पुढचे कितीतरी वाद होतच नाहीत. परतीच्या सोयीचं कलम बायकांनी तर अजिबात गाळू नये. साडेसहाचा कार्यक्रम आठला सुरू होतो, दहाला संपतो, आणि तालुक्याच्या गावातून शेवटची एसटी तोवर गेलेली असते. "कोणीतरी सोडेल" यातला कोणीतरी म्हणजे कोण, गाडी कोणाची, सोबत कोण असेल, हे दुपारीच विचारायचं. संकोच वाटला तरी विचारायचं.

आता बोलण्याबद्दल.

४५ मिनिटं ठरली असतील तर ४५ची तयारी करा आणि २०चीही करून ठेवा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, प्रत्येक सदस्याच्या हस्ते प्रत्येक पाहुण्याचा सत्कार, आणि त्या प्रत्येक सत्काराचा फोटो यात तुमची वेळ जाते. वीस मिनिटांचं भाषण म्हणजे पंचेचाळीसचं घाईघाईत म्हटलेलं भाषण नव्हे. त्यात मुद्दा एकच हवा, बाकीचे निर्दयपणे बाहेर. उभं राहिल्यावर व्यासपीठावरच्या सगळ्यांची नावं पुन्हा घेत बसू नका, सूत्रसंचालकाने ती दोनदा घेतलेली असतात. "अध्यक्ष महोदय आणि मंडळी" एवढं पुरे. हे मी मोठमोठ्या वक्त्यांनाही सांगितलंय, ऐकत कोणी नाही.

कोण ऐकायला येणार हे आधी विचारा. नेमकं विचारा: कॉलेजची मुलं की निवृत्त शिक्षक, बचत गटाच्या बाया की सोसायटीचे सभासद? कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारचा कार्यक्रम ठेवला तर बाया येणार नाहीत, त्या वावरात असतील. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ पर्यंत चढतो. पत्र्याच्या शेडमध्ये चार वाजता कोणालाच काही ऐकू जात नाही, तुम्हीही बोलू शकत नाही. अशा वेळी तारीख नाही, तर वेळ बदलून मागा. बहुतेक जण देतात.

भाषेचं काय करायचं? धुळे, अमळनेर, चाळीसगाव भागात "राम राम भाऊसहोन" म्हणून सुरुवात केली की सभा हसते, जवळ येते. पण अहिराणी तुमच्या घरात बोलली जात असेल तरच. टाळीसाठी उसनी आणलेली अहिराणी दुसऱ्या वाक्याला उघडी पडते. रावेर-यावलकडे तर बोली लेवा गणबोली, तिथे तीच ओळ कोरडी जाते. नंदुरबारच्या वरच्या भागात भिली, पावरी. तिथे साधी, छोट्या वाक्यांची मराठी बोललेली बरी. आणि बहिणाबाईंच्या त्याच त्या दोन ओळींनी शेवट करायची सवय सोडा. आसोद्याच्या बाईंच्या ओळी इथल्या आज्यांना तुमच्यापेक्षा जास्त पाठ आहेत. तुम्ही अडखळलात तर मागच्या रांगेतून पुढची ओळ येईल. अखिल भारतीय साहित्य संमेलन अमळनेरला दोनदा झालंय, १९५२ ला आणि २०२४ ला. इथला श्रोता भाबडा आहे असं समजून येणारे पुण्या-मुंबईचे वक्ते माझ्या मते आपलंच नुकसान करून घेतात.

बोललेलं लिहून ठेवा, हे मात्र कळकळीने सांगते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते, एका रविवारी एक अध्याय. समोर बसलेले होते कैदी. सानेगुरुजी तिथेच तुरुंगात होते, त्यांनी ती प्रवचनं उतरवून घेतली म्हणून आज ती आपल्याला वाचता येतात. आपण काही विनोबा नाही, आणि आपल्यासाठी कोणी सानेगुरुजी वही घेऊन बसणार नाही. पण प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. स्वतःचं भाषण रेकॉर्ड करा, दुसऱ्या दिवशी ऐका (त्रास होतो, होऊ द्या), आणि श्रोते जिथे पुढे झुकले असतील तेवढाच भाग घेऊन लेख लिहा. एका भाषणातून एक लेख सहज निघतो, कधी दोन. उलटही करता येतं. छापून आलेला लेख आयोजकाला पाठवला की "तुमचा विषय काय?" हा प्रश्न उरत नाही.

मुक्त लेखनाचा (फ्रीलान्स कामाचा) बाजार आपल्याकडे नाही म्हणतात, ते खरं नाही. दिसत नाही एवढंच. पतसंस्थेचा अहवाल, शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, ठिबकवाल्यांची आणि केळीच्या टिश्यूकल्चर रोपांची माहितीपत्रकं, रुग्णालयाची वेबसाइट, निवृत्त गुरुजींचं आत्मचरित्र. हे सगळं कोणीतरी लिहितंच. दिवाळी अंकात नाव येतं, आनंद होतो, पण त्या पैशांवर महिन्याचा किराणा भरायचा बेत आखू नका. अंकासाठी लेख द्यायचा तर जून-जुलैमध्येच संपादकांशी बोला, सप्टेंबरपर्यंत पानं भरलेली असतात.

आत्मचरित्राचं काम घेताना सगळ्यात जास्त सांभाळा. गुरुजी प्रेमळ असतात, आठवणी अमाप असतात, आणि प्रत्येक मसुद्यानंतर एक सून, एक पुतण्या नव्या दुरुस्त्या घेऊन येतो. म्हणून आधीच लिहून घ्यायचं: किती पानं, किती वेळा दुरुस्ती, घरातल्या कोणत्या एका माणसाचं म्हणणं अंतिम. पैसे तीन टप्प्यांत, पहिला टप्पा काम सुरू करण्याआधी. आगाऊ रक्कम मागितली म्हणून जो रागावतो, तो शेवटच्या हप्त्यालाही रागावणार आहे. हल्ली आणखी एक प्रकार निघालाय: "चॅटजीपीटीने लिहून घेतलंय, तुम्ही फक्त जरा नीट करून द्या." ते 'जरा' नसतं. त्यातली वाक्यं मोडून पुन्हा लिहावी लागतात, माहिती एकेक तपासावी लागते. त्याचा दर नव्या लेखनाइतकाच लावा, किंवा नाही म्हणा.

हक्कांचं थोडं. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक लेखकच. नोकरीत पगारावर लिहिलेल्याचं वेगळं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात, आणि त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. "सर्व हक्क कायमचे" असं छापील वाक्य असलं की तिथे पेन थांबवा आणि विचारा, कशासाठी हवेत, किती वर्षं हवेत. पुष्कळदा समोरच्यालाच माहीत नसतं, कुठूनतरी नमुना उचललेला असतो. जाहीर भाषणाचंही तेच. भाषणाचा पहिला हक्क सामान्यतः ते करणाऱ्याचा. गंमत म्हणजे हाच कायदा 'सादरकर्ता' म्हणून ज्यांची यादी देतो त्यात नट, गायक, नर्तक, कसरतपटू, जादूगार आणि गारुडी यांच्या पाठोपाठ व्याख्यान देणाराही येतो. मला ही संगत आवडते. तर, तुमचं अख्खं भाषण न विचारता कोणी चॅनलवर टाकलं तर "काढा" म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. मी सहसा टाकू देते, पण विचारल्यावर. कारण साधं आहे: तेच भाषण पुढच्या गावी द्यायचं असतं, आणि तिथल्या लोकांनी ते मोबाइलवर आधीच बघितलेलं असतं.

फुकट कधी बोलायचं? तुम्हाला वाटेल तेव्हा. जिल्हा परिषदेच्या शाळेत, 'ड' वर्गाच्या छोट्या ग्रंथालयात मी पैसे मागत नाही, गाडीभाडंही नाही. अशा फुकट कार्यक्रमांची यादी मी स्वतः करते, वर्ष सुरू होतानाच. त्यामुळे बाकीच्यांना नाही म्हणताना जीभ जड होत नाही. ज्यांच्या मांडवावर झुंबर आणि बाहेर ड्रोन आहे त्यांच्याकडे 'बजेट नाही' हे मी मान्य करत नाही.

शेवटी कागदपत्रं, कारण इथे लिहिणारी माणसं हमखास कंटाळतात. मानधन बँकेत किंवा यूपीआयने घ्या, रोख पाकीट मिळालं तरी वहीत लिहा. साधं बिल बनवायला शिका: नाव, पॅन, तारीख, काम, रक्कम. एका आर्थिक वर्षात एकाच कंपनीकडून वा संस्थेकडून ५०,००० रुपयांहून जास्त व्यावसायिक शुल्क मिळालं तर ती सहसा १० टक्के टीडीएस (आधीच कापून भरला जाणारा आयकर) कापते. पॅन दिला नाही तर कपात २० टक्के होते. हे पैसे बुडत नाहीत. आयकर खात्याच्या पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसतात, आणि कर तेवढा बसत नसेल तर विवरणपत्र भरून परत मिळतात. पण भरलं तरच. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर आपल्यासारख्यांना जीएसटीची नोंदणी लागत नाही, त्यामुळे "जीएसटी बिल नाही म्हणून पेमेंट अडकलंय" असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. नोंदणी नसल्याचं बिलावरच लिहून द्या आणि पैसे कोणत्या तारखेला येतील ते त्याच फोनवर विचारा.