साडू आणि सर्कल

आमचे साडू गेली तीस वर्षं जयपुरात. त्यामुळे मुंबईत आले की त्यांना सगळंच वाकडं दिसतं. "सवाई जयसिंगानं 1727 साली आधी आखणी केली, मग शहर वसवलं. नऊ चौकड्या, रस्ते काटकोनात. लहान पोर हरवणार नाही," हे चर्चगेटला उतरल्या उतरल्या. लगोलग प्रश्न, "गेट कुठंय?"

गेट नाही. गव्हर्नर फ्रिअरच्या कारकिर्दीत, 1860 च्या दशकात, कोटाच्या तटाबरोबर तेही गेलं. "आमचे अजमेरी, सांगानेरी, चांदपोल, सगळे दरवाजे जागच्या जागी!" साडू खूश. काळ्या घोड्याशी आलो. मूळ घोडा भायखळ्याला राणीच्या बागेत आहे, हे मी बोललोच नाही. नवा उभा आहे, काळाही आहे. "यावर स्वार कसा नाही?" म्हटलं, जेवायला गेला असेल.

मग मीही इरेला पेटलो. आखून बांधलेलं आमच्याकडेही आहे म्हणून हॉर्निमन सर्कलला नेलं. पूर्वी या मैदानात कापसाचे गठ्ठे पडायचे. 1872 ला बाग पुरी झाली, भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती. मी पाण्याची बाटली घेईपर्यंत साडू गायब.

फोन लावला. "कुठे आहात?"

"कमानीखाली."

"समोर काय दिसतं?"

"झाडं."

मलाही तेच दिसत होतं.

"तुम्ही थांबा, मी येतो."

"छे छे, तुम्ही कशाला? मीच येतो."

साडूसाडूंत मानपान फार. दोघंही निघालो, आणि दोघंही डावीकडून. काटकोन असता तर एखाद्या कोपऱ्यावर धडकलो तरी असतो. इथे मी चाललो की तेही चालत, मी दम खायला टेकलो की नेमके तेही टेकत.

कमानीत एक सायकलवाला चहा विकत होता. पहिल्या फेरीला त्यानं नुसतं पाहिलं. दुसऱ्या फेरीला ग्लास विसळता विसळता हात थांबला. तिसऱ्या फेरीला म्हणाला, "साब, टोपीवाले अंकल अभी गये. आप इधरही रुको."

पाच मिनिटांनी साडू पाठीमागून उगवले. सदरा पाठीला चिकटलेला, टोपी हातात. चहावाल्यानं न विचारता दोन कटिंग ओतले.

"समोर टाऊन हॉल," मी म्हटलं. "1833 चा. तीस पायऱ्या आहेत."

साडूंनी फुंकर मारून चहाचा घोट घेतला.

"चौकोनी आहे ना?"