कुर्ल्याला नदी आहे

लग्न ठरताना बायकोला सांगितलं होतं, आमचं घर नदीपासून पाच मिनिटांवर. ती आली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, "हा नाला?" तेव्हापासून आमच्यात हा वाद चालू आहे, आणि आज तो इथे आणतोय.

मिठी नदीच आहे. विहार आणि पवई तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन निघते, अठराएक किलोमीटर वाहत कुर्ल्यावरून पुढे माहीमच्या खाडीला मिळते. आमच्या गावाचं नावच कुर्लीवरून पडलं म्हणतात. म्हणजे इथे खेकडे उदंड होते. शेजारच्या चुनाभट्टीचं नाव चुन्याच्या भट्ट्यांवरून. गिरण्या आणि कारखाने नंतरचे. १८८६ साली जमशेदजी टाटांनी इथली धरमसी मिल घेऊन तिची 'स्वदेशी मिल' केली. देशातली पहिली विजेवरची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदरहून आली ती कुर्ल्यालाच. पुढे 'पद्मिनी' गाड्याही इथेच बनायच्या. काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी दिसली की बाबा म्हणायचे, "ही आपल्या कुर्ल्याची." गाडीबद्दल एवढा अभिमान, नदीबद्दल एक शब्द नाही!

माझं म्हणणं एवढंच, की "नाला" या शब्दाने आपली फार सोय केलीय. नाल्यात काहीही टाकता येतं. दर मे महिन्यात "नालेसफाई झाली" एवढं ऐकलं की आपलं समाधान. आणि दोष सगळा काठावरच्या झोपड्यांचा. विमानतळाची धावपट्टी तिच्यावरून गेली, बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल, तिच्या मुखाजवळच्या दलदलीत भराव घालून उभं राहिलं, पण त्याला कुणी अतिक्रमण म्हणत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पावसात कुठलीही नदी फुगेल, मान्य. पण फुगायला जागा तर हवी ना? त्या रात्री आमच्या चाळीच्या पोटमाळ्यावर अकरा माणसं होती. खाली गॅसचा सिलिंडर तरंगत होता, आणि आई वरून ओरडत होती, "नाल्याचं पाणी आलं!" तीही नालाच म्हणाली.

आता काठाला भिंत आहे. नदी दिसतही नाही, नुसता वास येतो.

परवा बीकेसीहून शेअर रिक्षाने येत होतो. ड्रायव्हरने विचारलं, "नाले के पास छोडूँ क्या?"

मी म्हटलं, "हाँ, वहीं।"

बायको शेजारीच बसली होती.